रोज सकाळी पुसलेले तीस ड्रायव्हर

नाझनीनला कॉम्प्युटरने कधी रडवलं नव्हतं. भूकंपाच्या वर्षी ती दहावीत होती. पुढे लातुरात क्लासांचं पीक आलं आणि महादेवप्पा सरांच्या क्लासात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी तिला मिळाली. शिकली ती उघडून-जोडूनच. पण यंदा सरांनी परीक्षेच्या हॉलसाठी तीस थिन क्लायंट आणले. वहीएवढे डबे, खरं काम आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर. प्रत्येकाला हजेरीचं अंगठ्याचं यंत्र जोडायचं आणि डब्याला ते ओळखू यावं म्हणून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, टाकायचा. एवढंच.

सोमवारी तिने तिसाच्या तीस डब्यांत ड्रायव्हर टाकला, स्वतःचा अंगठा लावून पाहिला. मंगळवारी सकाळी एकही डबा यंत्राला ओळखेना. पुन्हा टाकला. बुधवारी पुन्हा तेच.

"रविवारी परीक्षा हाय," सर म्हणाले. "जमत नसेल तर सांगा. पुण्याची कंपनी सगळंच सांभाळायला तयार हाय."

सगळंच, म्हणजे नाझनीनची खुर्चीसुद्धा.

तिने केबल बदलली, यंत्र बदललं. डोकं चालेना. शेवटी संशय गेला शिपाई माणिकप्पांवर, कारण संध्याकाळी मेन स्विच तेच बंद करत.

"मामा, खरं सांगा, डब्यांना काय करता?"

"म्या? खटका पाडतो अन् झाडू मारतो. डब्यांना दूध पाजून राहिलो का काय!"

"मग सकाळी सगळं जातं कुठं?"

"तुम्हीच पुसता नव्हं? काल पोरांनी पडद्यावर हिरोचे फोटू लावले, सकाळी एक न्हाई. म्हटलं, बाई लई कडक!"

फोटोसुद्धा? तिने एका डब्यात ड्रायव्हर टाकला, डबा बंद करून चालू केला. ड्रायव्हर गायब! पोरांनी काही बिघडवलं तरी सकाळी डबा कोरा व्हावा म्हणून आत सेटिंगचं कुलूपच होतं; डबा बंद झाला की नवं टाकलेलं सगळं पुसलं जाई. विकणाऱ्याने हे सांगायला तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? सेटिंगमध्ये शोधून तिने ते कुलूप काढलं, ड्रायव्हर टाकला, कुलूप परत लावलं. आता बंद-चालू करूनही यंत्राचा दिवा लागला.

शनिवारी दुपारपर्यंत एकोणतीस झाले. सतरावा मात्र ऐकेना. तेच कुलूप, तोच ड्रायव्हर, तीच केबल. रविवारी तिने सतराव्या डब्यावरच्या पोरीचा अंगठा शेजारच्या यंत्रावर घेतला आणि तिला जागेवर बसवलं.

सरांनी हजेरी पाहिली. तीस, फक्त सतराव्या पोरीची शेजारच्या यंत्रावरून. पुण्याच्या कंपनीचं नाव त्यांनी काढलं नाही.

"सतराला काय झालतं?"

"न्हाई कळालं, सर," नाझनीन म्हणाली. "अजून न्हाई कळालं."