सुईवर राहिलेले टाके

जुईनगरात थंडी पडते म्हणजे पंखा पाचावरून दोनावर येतो, एवढंच. अशा ठिकाणी लोकरमावशी बारा महिने विणत बसायच्या. कपाळावरून घाम ओघळतोय, मांडीवर लोकरीचा गुंडा, आणि सुया चालूच. त्या साताऱ्याकडच्या. नवरा वाशीच्या मार्केटात गोणी उचलायचा. तो गेल्यावर मुलाकडे, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. माझी बायको स्मिता त्यांना लेकीसारखी, म्हणून मी त्यांचा 'जावईबापू'.

नवी लोकर त्यांना आवडत नसे. "नवी लई आखडू असती. जुनी कशी, अंगाला सवयीची!" म्हणायच्या आणि कुणाचाही टाकाऊ स्वेटर दिसला की मागून घ्यायच्या. त्यांच्या दारात पाऊल टाकलं की हुकूम व्हायचा, "हात करा म्होरं." मग उसवलेला धागा आपल्या दोन्ही हातांभोवती गुंडाळून त्या लड करायच्या. पेपर मागायला गेलेला माणूस अर्धा तास हात पसरून उभा! मी कुरकुर करायचो, पण तो कुरळा, उबदार धागा मनगटांवरून सरकताना फार बरं वाटायचं. लड धुऊन, खाली तांब्या अडकवून त्या वाळत घालत, की धागा सरळ.

स्मिताला दिवस गेले तेव्हा आम्ही सगळे दबकून होतो. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, आणि त्या वेळी पाळण्यापासून दुपट्यांपर्यंत सगळं आधीच आणून ठेवलं होतं. ते आवरताना स्मिताची झालेली अवस्था मला पुन्हा बघायची नव्हती. या खेपेला बाळ हातात येईपर्यंत घरात चिंधीसुद्धा आणायची नाही, असं आईने बजावलं. मावशींनी मात्र माझा शाळेतला हिरवा स्वेटर नेला आणि सरळ टोपडं घातलं सुयांवर. मी भडकलो.

"बंद न्हाय करायची मी, जावईबापू," त्या म्हणाल्या. "शेवटचे टाके सुईवरच ठेवीन. बाळ रडलं की मग बंद."

"म्हणजे देवाला कळणार नाही होय?"

"कळतंय की. पर अर्धवट कामात त्यो हात घालत न्हाय."

सातव्या महिन्यातच एका दुपारी स्मिताला कळा सुरू झाल्या. वाशीच्या हॉस्पिटलात तिला आत नेलं आणि दार लागलं. मागोमाग रिक्षाने मावशी आल्या, पिशवीसकट. टोपडं झालं होतं, फक्त वरचे टाके उघडे. विणायचं काही उरलं नव्हतं, तरी त्या बाकावर बसून ते टाके या सुईवरून त्या सुईवर नुसते सरकवत राहिल्या. डॉक्टर बाहेर येऊन "दोघांचंही आत्ताच काही सांगता येत नाही" म्हणून गेले, आणि माझा तोल सुटला.

"ठेवा हो ते आत! नाहीतर बंद तरी करून टाका एकदाचं!"

मावशींनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे ओठ सुकले होते. घाबरलेल्या मावशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

बऱ्याच वेळाने सिस्टर धावत आली. "मुलगी झाली. आई ठीक आहे. पण बाळ फार लहान आहे. टोपडं आहे का? आमची सगळी मोठी होतायत."

"रडली का?" मावशींनी विचारलं.

"रडली. बारीक, पण रडली."

"डोस्कं केवढं?"

सिस्टरने मूठ दाखवली. मावशींनी सुई ओढली आणि हातातलं टोपडं सर्रकन उसवलं. टाके बंद नव्हते म्हणून धागा अडला नाही. मी न सांगता हात पुढे केले. माझ्या हातांवरून धागा घेत मावशींनी त्या बाकावरच मुठीएवढं टोपडं विणलं आणि शेवटचे टाके बंद केले. मग पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडलो.

ऋचा आता तिसरीत आहे. शाळेतून आली की तिचा मुक्काम समोरच्या फ्लॅटमध्ये असायचा. विणायलाही ती तिथेच शिकली. गेल्या वर्षी मावशींचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्याच स्वेटरच्या उरलेल्या हिरव्या लोकरीचा मफलर त्यांनी ऋचासाठी सुयांवर घातला होता. जाताना तो सुयांसकट तिच्या हातात दिला. "टाके सुईवरच हायती. मी आल्यावर बंद करू."

त्या आल्या नाहीत.

मला दुःखापेक्षा आधी रागच आला. मफलर तर अर्धवटच होता की! मग?

"बंद करून आठवण म्हणून ठेवू या," स्मिता म्हणाली. ऋचाने मानेनेच नाही म्हटलं. रोज दप्तर टाकलं की ती मफलर घेऊन बसते. तिचे टाके कुठे सैल, कुठे घट्ट. मावशींचे कुठे संपले आणि तिचे कुठे सुरू झाले, ते आंधळ्यालाही कळावं.

परवा हिरवी लोकर संपली. मी ऑफिसातून येऊन चहा घेत होतो. ऋचा समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचा ऑफिसच्या एसीतला स्वेटर द्या."

चांगला होता हो स्वेटर. मी मुकाट्याने काढून दिला. तिने टोक शोधलं, ओढून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात करा म्होरं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.