धुतलेलं विमान

मला तराजूत बसवलं तेव्हा पारड्यात आधी गोणपाट अंथरलं.

गोदामातला मोठा काटा. एरवी त्यावर सरकी जोखायचे. दुसऱ्या पारड्यात गडी एकेक वजन टाकत होता आणि मी पाय पोटाशी घेऊन बसलो होतो, अंगाचा कुठला भाग गोणपाटाबाहेर लागू नये म्हणून. काटा सरळ झाला. गडी म्हणाला, "पक्का सव्वा मण." धाकटे मालक टाळी वाजवून म्हणाले, "झालं! माणूस सापडला." मी उतरलो. गड्यानं गोणपाट दोन बोटांनी उचलून बाहेर टाकलं आणि पारडं पुसून घेतलं.

मला "माणूस" म्हणाले याचा मला आनंद झाला. आज सांगायला लाज वाटते, पण झाला होता.

माणूस हवा होता विमानात बसायला.

मी जातीचा मांग. गाव माढ्याकडचं. बाप दोर वळायचा. मी बाविशीचा होतो आणि सोलापुरात मोटारी दुरुस्त करायच्या एका शेडात राबत होतो. धाकट्या मालकांनी मला तिथून उचललं, कारण त्यांच्या मोडक्या फटफटीचं इंजिन मी एका दिवसात चालू करून दिलं होतं. मालक शिकलेले, खादी घालणारे. पुण्यात असताना सहभोजनाला बसलो होतो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. त्यांच्याकडे एक विलायती मासिक होतं. घरच्या घरी विमान कसं बांधावं याची त्यात चित्रं होती. एकच माणूस बसेल एवढं विमान, फटफटीच्या इंजिनावर उडणारं. सोलापुरात सगळे हसायचे. त्यांचे एक वकील स्नेही म्हणायचे, असं उडत असतं तर गोऱ्यांनी घरोघरी बांधलं असतं. मी हसलो नाही. मला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र कळत होतं.

आठ महिने काम चाललं. सांगाडा वेळूचा केला. पंखांवर मांजरपाट ताणलं ते नरसय्यानं. तो तेलुगू विणकर, घरातच माग असलेला. विणायच्या आधी सुताला देतात तीच चिंचोक्याची खळ त्यानं कापडावर तीन वेळा फिरवली. वाळल्यावर कापड असं ताणलं की बोट मारलं तर हलगी वाजायची. तारा मी ओढल्या. बाप दोर वळताना छेडून बघायचा, कुठं ढिला आहे ते त्याला कानानं कळायचं. मी तारा तशाच छेडून बघायचो.

वजनाचं मात्र जमेना. इंजिन लहान आणि धाकटे मालक माझ्या दीडपट. शिवाय पहिल्यांदा बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. मी हलका होतो, आणि मेलो असतो तरी शहरात कुणी काही विचारलं नसतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. तरी मला बसायचं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात. जेवताना हात थांबायचा.

मी एकच मागितलं. "मालक, उडालं तर चार मानसांत सांगायचं. पैल्यांदा ह्यानं उडवलं म्हणून."

"अलबत," ते म्हणाले. "शब्द देतो."

होटगीच्या बाजूला मुरमाड माळ आहे. सकाळची वेळ, वारा पडलेला. इंजिन चालू केलं, बसलो, सोडलं. विमान दगडगोट्यांवरून खडखडत निघालं. शेपटी उचलली. मग खडखड थांबली, नुसता इंजिनाचा आवाज. चाकं कुठं लागत नव्हती. पुरुषभर उंच असेन, फार तर दीड पुरुष. खाली धाकटे मालक पळत होते. त्यांचे टाळूवरचे केस विरळ झाले होते, ते मला दिसले. कुणाच्या डोक्याकडं वरून बघायची माझी ती पहिलीच वेळ. दहापर्यंत आकडे मोजले. मग आदळलो. दातांवर दात आपटले, पण विमान शाबूत आणि मीही.

धाकटे मालक हात पसरून धावत आले. माझ्यापासून दोन हातांवर थांबले. तसेच वळले आणि त्यांनी पंखाला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहरातली मंडळी बघायला यायची होती. त्याआधी विमानाची पूजा. त्यासाठी घरातल्या आत्याबाईंनी निरोप धाडला, मांग बसलाय त्यात, आधी शुद्ध करा. धाकटे मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मानत नाही हो हे. पण घरच्यांचं मन राखावं लागतं."

त्याच संध्याकाळी गड्यानं गोमूत्र शिंपडलं. मग घागरी आणल्या. बसायची जागा धुतली. पण हात तर माझा सगळीकडे लागलेला. मग पंख धुतले, वरून धुतले, खालून धुतले, फडकं मारून चोळले. इंजिनापाशी गडी थांबला. मालक म्हणाले, "त्याला पाणी नको, बिघडेल." इंजिन मी आठ महिने रोज उघडत होतो. ते एवढंच काय ते बाटलं नव्हतं.

मी लांब उभा होतो. म्हणालो, "मालक, खळ धुऊन चाललीय. कापड ढिलं पडंल."

"दोन घागरी पाण्यानं काय होतंय?"

सकाळी नरसय्यानं पंखावर बोट मारलं. आवाज आला नाही. तो माझ्याकडे बघून हळूच बोलला, "पानी मारलं का? खळ गेली की सगळी." मालकांपुढं तो काही बोलला नाही. त्याला दोष देत नाही. त्याला त्यांच्याच पेढीवर सूत मिळायचं.

पूजा झाली, नारळ फुटला. मंडळी खुर्च्यांवर बसली. वकील होते, एक डॉक्टर, गिरणीतला एक गोरा साहेब. मागं दोनेकशे बघे. धाकटे मालक उभे राहून बोलले. हिंदी माणूसही आपल्या हातानं विमान बांधू शकतो, असं काय काय बोलले. मी श्वास धरून ऐकत होतो. आता सांगतील, आता सांगतील. ते म्हणाले, "आणि आज हे यंत्र प्रथमच आकाशात जाणार आहे."

प्रथमच.

तिथं उभं राहवेना आणि हलताही येईना.

काल उडालं म्हणजे आपल्यालाही उचलेल, असं धरून ते स्वतः विमानात बसले. विमान माळाच्या टोकापर्यंत धावलं आणि धावतच राहिलं. पंखांचं कापड फडफडत होतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा शेपटीसुद्धा उचलली नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले. वकील मोठ्यानं हसले.

धाकटे मालक विमान माळाच्या कडेला उभारलेल्या छपरात, लोकांच्या आड घेऊन आले. घामानं भिजलेले. डोक्यावरची चामड्याची टोपी काढली, मोठा चष्मा काढला आणि माझ्यापुढं धरला. हाताला हात लागला तरी त्यांना भान नव्हतं.

"हे घाल. तू हलका आहेस, तुझ्यानं उडेल. लांबून कुणाला कळत नाही आत कोण आहे."

"म्हंजी लोकांनी तुमी हाय समजायचं?"

"अरे, माझी अब्रू चाललीय!"

"आन् शबूद?"

"नंतर बघू. आत्ता ही वेळ आहे का?"

काल मी बसलो म्हणून ते विमान धुतलं होतं. आज त्याच जागी मला बसवत होते, तोंड झाकून. मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. विटाळ माझ्या अंगाचा नव्हता. माझी ओळख तेवढी नको होती. हात चालत होते, वजन चालत होतं, मेलो असतो तर तेही चाललं असतं.

मी टोपी घेतली नाही. छपराबाहेर आलो, खुर्च्यांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "काल सकाळी हे इमान उडालंय. म्या उडवलंय."

मग जो हशा उठला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मांग इमानात!" कुणीतरी ओरडलं. धाकटे मालक मागून आले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. न्या रे ह्याला." गड्यांनी मला माळाच्या कडेपर्यंत ढकलत नेलं. मी नरसय्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

मी गावी परतलो. दोन महिन्यांनी गडी आमच्या मांगवाड्याकडं आला. आत आला नाही, लिंबाखाली उभं राहून हाका मारल्या.

"मालकांनी बोलावलंय. पंखाला नवं कापड लावलंय. ह्या बारीला शबूद पाळतो म्हन्त्यात."

"कुनाम्होरं?"

"ते न्हाय बोलले."

"मग त्यास्नी सांग. त्या दिशी जेवडी मंडळी हासली, तेवडी समदी माळावर बोलवा. त्यांच्याम्होरं बोला. मग मी येतो."

"तसं कसं बोलतील मालक?"

"तर मग मी न्हाय येत."

बाप चिडला. "जा की! काय जातंय तुझं? मोठ्या मानसाशी वाकडं घिऊन काय मिळनार?" त्याचं सारं आयुष्य "काय जातंय" म्हणण्यात गेलं होतं.

ते विमान अजून त्याच छपरात पडून आहे, असं कळतं. नवं कापड लावून मालक दोनदा बसले, उडालं नाही. लहान इंजिनावर एकटा माणूस उडू शकतो का, यावर वकिलांच्या ओसरीवर अजून वाद चालतो आणि सगळे मिळून नाही असंच ठरवतात. धाकटे मालक गप्प बसतात. खरं बोलायचं तर माझं नाव घ्यावं लागेल, आणि त्यापेक्षा त्यांना हरणं परवडतं.

माणूस उडतो. मी उडालोय. गेल्या महिन्यात मी वेळू तासायला घेतले. पाण्यानं न सुटणारी खळ कशाची करायची ते शोधतोय. इंजिन नाही, ते कुठून येईल माहीत नाही. दहा वर्षं लागोत. बांधणार मी, बसणार मी, आणि कुणी उडवलं हे विचारायची पाळी सोलापुरात कुणावर येऊ देणार नाही.