शिडी धरणारी अध्यक्ष

आमच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलांनी नवा क्लब काढला, तेव्हा मनात म्हटलं, चला, आता बिल्ले आणि बॅनर. त्यांचा मार्गदर्शक म्हणून शेजारच्या प्राथमिक शाळेत गेलो तोही जरा नाराजीनंच. तिथले बंद पंखे ही मुलं दुरुस्त करणार होती.

क्लबची अध्यक्ष वैदेही खाली शिडी घट्ट धरून उभी होती. वर समीर वायरी जोडत होता. बटण दाबलं, पंखा गरगरला, टाळ्या पडल्या. पण वारा काही लागेना. पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली, "ताई, हा उलटा फिरतोय!"

समीरनं कंडेन्सरची वायर चुकीची जोडली होती. वैदेहीनं वायरीला हातही लावला नव्हता. तरी ती वर्गाच्या बाईंना चटकन म्हणाली, "आमचं चुकलं बाई, लगेच करतो."

पुन्हा शिडी, पुन्हा बटण. या वेळी फळ्यावरची खडूची धूळ उडाली, वह्यांची पानं फडफडली. बाई वैदेहीकडे वळल्या, "छान केलंस गं!"

"मी नाही, समीरनं केलं," ती म्हणाली आणि शिडी मिटायला लागली.

इतकी वर्षं बैठकांमधून मी याच्या नेमकं उलट ऐकत आलोय. साधलं की 'मी', फसलं की 'तुम्ही'. गरगर फिरलो आम्हीही; कुणाला वारा म्हणून लागला नाही.

मी पंख्याखाली जाऊन उभा राहिलो. वारा आता खाली येत होता.