जगनकाकाला घातलेली हाक

या फोरमवर मी बरीच वर्षं नुसती वाचायला येते, आणि खरं सांगायचं तर हसायला. कुणाला वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाची बाइक नेमकी स्मशानापाशी बंद पडते... मी तलासरीच्या एका कॉलेजात साहित्य शिकवते. गोष्टीत भीती कुठे पेरायची असते हे मला कळतं, पगार त्याचाच मिळतो. तेव्हा "ताई, तुम्हाला भास झाला असेल" हे सांगायला कृपया कुणी येऊ नका. मला काहीच भास झाला नाही. ज्या दुपारी हे झालं तेव्हा मी देशातच नव्हते.

आमचं गाव डहाणू आणि वाढवणच्या मधे, अगदी किनाऱ्याला. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ जगनकाका, दोघं मासेमारीला जायचे. मी पाचवीत असताना एकदा बाबा तापाने घरी होते म्हणून काका एकटाच गेला. होडी सापडली, काका सापडला नाही. काकीला मूल नव्हतं. ती आमच्यातच राहिली, बोंबील सुकवून वाणगावच्या बाजारात विकायला लागली. तिची माया आणि तिचा राग, दोन्ही माझ्याच वाट्याला आले.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इतर घरांत असं करतात की नाही, मला माहीत नाही. होडीला फार उशीर झाला की त्या माणसाची आई किंवा बायको पाण्याच्या कडेला उभी राहते आणि त्याला नाव घेऊन शिव्या घालते. एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून न काढणारी बाई तेव्हा मोठ्याने घेते. "मेल्या, मुडद्या, तुला लाकूड नाय मिलो, घरी ये!" लाकूड म्हणजे सरणाचं. लाडक्या माणसाला समुद्र ठेवून घेतो, नकोशा माणसाला परत फेकतो, असं आमच्याकडे समजतात. याला हाक घालणं म्हणतात. माणूस आलाच नाही, तर जिने हाक घातली तिनेच ती मोडायची. समुद्राकडे पाठ करायची, मूठभर वाळू खांद्यावरून मागे टाकायची आणि म्हणायचं, "येऊ नको." मागे वळून बघायचं नाही. काकीने हाकही घातली होती आणि मोडलीही होती. त्या संध्याकाळी ती घरी आली, आईने वाढलेला भात मुकाट जेवली आणि काकाचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही.

२०१७ मध्ये एम.ए. करताना एका सेमिस्टरसाठी मी जर्मनीला गेले. क्रिटिकल थिअरी आणि साहित्य. समुद्र जवळपास नाही असं शहर, ऑक्टोबरातच हाडं गोठवणारी थंडी. काकीने दिलेली सुकटीची पिशवी रूममेटने वास येतो म्हणून बाल्कनीत ठेवायला लावली. वर्गात सगळे अशा इंग्रजीत बोलायचे की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला व्हावी. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. गावात कुणी विचारत नसलेले प्रश्न तिथे लोक तासन् तास चघळायचे.

एका सेमिनारचा विषय होता — आवाज आणि गैरहजेरी. प्रत्येकाने आपापल्या भाषेतलं असं बोलणं आणायचं होतं, ज्यात ऐकणारा समोर नसतो. कुणी प्रार्थना आणली, कुणी मेलेल्या वडिलांच्या फोनवर ठेवलेला निरोप. मी हाक नेली. पण हाकेत नाव लागतं. जिवंत माणसाचं घेणं शक्य नव्हतं, बाबा अजून समुद्रावर जात होते. म्हणून जगनकाकाचं घेतलं. तो गेलेला, त्याची हाक मोडलेली... यात धोका काय असणार? आजही मला तो विचार चुकीचा वाटत नाही. मी माफी मागायला हे लिहीत नाहीये.

मी फळ्याकडे तोंड करून हाक घातली. हळूच, लाजत. प्रोफेसर म्हातारा, घोगऱ्या आवाजाचा. तो इंग्रजीत म्हणाला, "पुन्हा. मोठ्याने. इथे समुद्र आहे असं समज." मग मी पोटातून ओरडले. फक्त लाकडाची शिवी गाळली. काकाला खरंच लाकूड मिळालं नव्हतं, माझी जीभ वळेना. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग तासभर आम्ही त्या हाकेची चिरफाड केली आणि मला उत्तम मार्क मिळाले.

खोलीवर पोचते तोच आईचा फोन. "काकीला पान्यातून काढलीय. तू काय केलंस गो?"

तिथली सकाळ म्हणजे आपल्याकडची दुपार. काकी शेजारच्या शकूमावशीबरोबर वाळत घातलेले बोंबील उलटवत होती. लख्ख ऊन, ओहोटी, समोर एक होडी नाही. आणि समुद्राकडून बाईची हाक आली. शकूमावशीनेही ऐकली, तिला शब्द लागले नाहीत. काकीला लागले. ती हातातले बोंबील टाकून सरळ चालत सुटली, छातीभर पाण्यात गेली. शकूमावशीने आरडाओरडा केला म्हणून माणसं धावली.

व्हिडिओ कॉलवर काकी आली. केस अजून ओले. रडेल असं वाटलं होतं. ती चवताळलेली होती.

"तूच व्हतीस," ती म्हणाली. "पयली हाक बारीक घातलीस. मंग कुनी म्हातारा इंग्लिशमधी बोलला. मंग परत घातलीस, जोरात."

वर्गात काय झालं हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

"लाकडाचं का नाय बोललीस? लाज वाटली तुला?"

"काकी, तो अभ्यास होता..."

"माज्या नवऱ्याचा?"

आणि तिने फोन बंद केला.

त्यानंतर काकीने बाजार सोडला. रोज ओटीवर समुद्राकडे तोंड करून बसायची, काकासाठी ताट वाढायची, कुणी उचललं तर अंगावर धावून जायची. पुन्हा एकदा पाण्यात गेली, तेव्हा बाबांनी ओढून आणली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिने कोंबड्यांना घातल्या. आई फोनवर एकच सांगायची, "तू घातलीस, तूच मोड. नायतर ती एक दिवस जानार." इकडे मी त्याच हाकेवर टर्म पेपर लिहीत होते. दुसरा विषय घ्यायला वेळ नव्हता, आणि हो, माझा हट्टही होता.

फेब्रुवारीत परत आले. डहाणू रोडला उतरून रिक्षाने घरी. काकी ओटीवर होती, हाडं वर आलेली. मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले.

"मोडू नको," ती म्हणाली. "येकदा मी त्याला नको बोललेय. परत नको ऐकवू त्याला."

"तू पाण्यात जातेस, काकी."

"माजा जीव. तुला काय करायचंय?"

मला खूप काही करायचं होतं. हिच्याच कुशीत मी वाढले होते. ही मरायला निघाली होती आणि वर मलाच विचारत होती. मी चिडले, तशीच तरातरा पाण्याकडे निघाले. सकाळची वेळ, भरती लागलेली. काकी मला अडवायला मागोमाग आली. मी कडेला पोचून समुद्राकडे पाठ केली, तर ती समोरच उभी. म्हणजे आता तिचं तोंड समुद्राकडे आणि माझं तिच्याकडे.

मी वाळू उचलली. ती माझा हात धरणार, तेवढ्यात थांबली. माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. तिचा चेहरा... तो मी आधी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिला होता. ती पदर सारखा करायला लागली. माझ्या मागे पाणी कापत कुणी चालत येतं, तसा आवाज येत होता.

मी वाळू मागे टाकली. "येऊ नको, काका."

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, लांब जात. काकीची नजर त्याच्याबरोबर गेली, हळूहळू, पार क्षितिजापर्यंत. मी वळले नाही. वळायला हवं होतं का, हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही.

आता २०१९ संपत आलंय. काकी पाण्यात जात नाही. जेवते, बोंबील सुकवते, बाजारात जाते. माझा आवाज समुद्रातून कसा आला, म्हाताऱ्या प्रोफेसरचा कसा आला, त्या सकाळी तिने कुणाला पाहिलं... उत्तर तुमच्याकडे असेल तर स्वतःपाशीच ठेवा. तिला विचारायची सोय नाही, कारण ती माझ्याशी बोलत नाही.

शेवटचं बोलली ती तिथेच, पाण्याच्या कडेला. माझ्याकडे बघून, माझं नाव घेऊन, पोटातून. मेले, मुडदे, तुला लाकूड नाय मिलो. मी गाळलेल्या शिवीसकट सगळं म्हणाली. फक्त "घरी ये" म्हणाली नाही.