शेजारच्या गल्लीतला ठिपका

"परत एकदा," असं म्हणून माझा सहकारी खडू घेऊन गाडीतून उतरायचा. त्या दोन शब्दांचा मला इतका वीट आला होता, की घरी मुलगी गाणं लावताना "परत एकदा" म्हणाली तरी मी खेकसायचो.

आमचं ऑफिस अंधेरीला. गाडीचा मोबाइलवरचा ठिपका खऱ्या जागी दिसावा, हे आमचं काम. तुम्हीही अनुभवलं असेल, रिक्षा समोर उभी असते आणि नकाशात मागच्या रस्त्यावर. उपग्रहाचा सिग्नल उंच इमारतींवर आपटून येतो, त्यानं ठिपका सरकतो. मी गाडी चालवायचो. तो चाकाशी रेघ मारून खरी जागा आणि ठिपका यांतलं अंतर मोजायचा.

चाचणीला त्यानं घाटकोपरची स्वतःचीच गल्ली घेतली होती. एका बाजूला त्याची चाळ, समोर नवे टॉवर. मागे त्याच्या आईला धाप लागली, तेव्हा अॅम्ब्युलन्स भिंतीपलीकडच्या गल्लीत जाऊन थांबली होती. आईला एकटं टाकून हा गाडीला दारात आणायला धावला. आई वाचली. "पण ती हाका मारत होती, आणि मी रस्त्यावर होतो रे," असं तो मध्येच म्हणायचा. आता आमचं काम अॅम्ब्युलन्ससाठीच चाललं होतं.

रेघा पाहून चाळीत बोंब उठली, रस्ता रुंद होणार! शेजारच्या मावशी आडव्या आल्या.

"आपला असून मोजणीवाल्यांना सामील झालास? किती फूट जाणार आमचं?"

"काही जात नाही, मावशी. आमची गाडी कुठे आहे ते बघतोय."

"डोळे फुटले काय? ही काय समोर!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या रेघा धुतलेल्या. मी कपाळाला हात लावला. त्यानं नवा खडू काढला.

शेवटी टॉवरांच्या उंचीचा हिशेब घालून, आपटून येणारे सिग्नल वगळणं जमलं. ठिपका चाळीच्या दारात आला आणि हलला नाही. "बसला," एवढंच म्हणून तो सीटवर डोळे मिटून पडला. मीही इतका दमलो होतो, की अभिनंदन करायचं राहून गेलं.

आता तो ऑफिसात नाही. दिवाळीनंतर आई गेली आणि त्यानं नोकरी सोडली. मी भेटायला गेलो. इतकं राबूनही आई गेलीच, असं म्हणेल वाटलं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"अॅम्ब्युलन्स सरळ दारात आली रे," तो म्हणाला. "मला खाली उतरावंच लागलं नाही. शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता."