अजीजभाईंच्या बाराशे खुर्च्या

नेकनूरच्या आसपास पंधरा-वीस गावांत कुठं लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी अजीजभाईंना फोन लावायचा, आचाऱ्याला नंतर. तीस वर्षं मंडप टाकणारा माणूस. समोरचा कितीही घाबरलेला असू द्या, अजीजभाई खांद्यावरच्या रुमालानं मान पुसणार आणि म्हणणार, "होऊन जाईल. फिकीर करू नका." आणि व्हायचंही.

तोच माणूस एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी गोदामाच्या दारात उकिडवा बसला होता. समोर त्याची मुलगी आरजू मोबाईलवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचत होती. बीडच्या प्रियदर्शनी वकिलीणबाईंचा मेसेज होता.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी अजीजभाईंनी हप्त्यावर भला मोठा एलईडी पडदा घेतला. नवरा-नवरी पडद्यावर दिसल्याशिवाय लोकांना लग्न लागल्यासारखं वाटेना, म्हणून घेतला. पुढच्याच मे महिन्यात वावटळ आली आणि पडदा भर मांडवात तोंडावर आपटला. हप्ते तेवढे चालू राहिले. हप्ता फेडायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं. आता फायनान्सवाले टेम्पो उचलून न्यायला टपले होते, आणि टेम्पो गेला की मंडप गेला. आरजू बीडला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात कामाला होती. तिनंच चौकशी करून वकिलीणबाई शोधल्या. नादारीचा अर्ज करायचा, म्हणजे कोर्टाला सरळ सांगायचं, की एवढं देणं आहे, एवढी मालमत्ता आहे, फेडणं आता आमच्यानं होत नाही, तुम्ही मार्ग काढा. भेट सोमवारी अकराची. ती चुकली तर कोर्टाची उन्हाळी सुट्टी लागणार आणि गोष्ट जूनवर जाणार. टेम्पो काही जूनपर्यंत थांबणार नव्हता.

"शाळेतली नादारी मला ठाऊक हाय," अजीजभाई म्हणाले. "फी माफ व्हायची. तवा मिळाली असती तर सातवीच्या फुडं शिकलो असतो, अन् असला पडदा घेतलाच नसता."

"अब्बा, ऐका ना. पासबुक. कर्जाचे कागद. कुणाचं किती देणं त्याची यादी."

ही यादी घरातून आरजूच्या आईनं, फरीदानं, भांडी घासता घासता अर्ध्या तासात सांगून टाकली. एकदाही अडखळली नाही. "मला पाठ हाय," ती म्हणाली. "रोज निजताना तेच म्हनते मी."

"आणि मालकीच्या वस्तूंची यादी, नग मोजून. अंदाजे लिहू नका," आरजूनं पुढचं वाचलं. "खुर्च्या किती, अब्बा?"

"बाराशे."

"नक्की?"

"घेतल्या तर बाराशे."

"आहेत किती?"

"हायत की. कुठं ना कुठं."

गोदामात भरल्या चारशे सत्त्याऐंशी. अजीजभाईंनी दोनदा मोजल्या, मग रुमाल झटकून उठले. "सगळी गिनती झाल्याबिगर मी वकिलाची पायरी चढनार न्हाई. बाईंनी पुसलं अन् तोंडातून चुकीचा आकडा गेला तर?"

आरजूला बरं वाटलं. बाप मनावर घेतोय म्हणायचा. तिनं क्लासला दोन दिवसांची सुट्टी टाकली, वही घेतली आणि टेम्पोत चढली.

पहिला मुक्काम बद्रीनाथ काकांची शेतातली वस्ती. त्यांच्या थोरलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

"या या अजीजभाई! अय, खुर्च्या आना रे पाव्हन्याला!"

खुर्च्या आल्या. आरजू बसलीच नाही. खुर्ची फिरवून तिनं पाठीवरची पिवळी अक्षरं वाचली. 'अजीज मंडप, नेकनूर'.

"काका, या आमच्याच आहेत."

"तुमच्याच की! मी कवा म्हनलं माझ्या हायत? दोन वर्षं झाली संभाळतोय. भाडं तर मीच मागाया पायजे."

"मागू नका बाबा," अजीजभाई हसले. "तेबी यादीत लिहावं लागल."

गोठ्यात, पडवीत, आंब्याखाली धरून चौदा सापडल्या. एका खुर्चीवर बद्रीनाथ काकांची आई शेंगा फोडत बसली होती.

"ही एक असू द्या," काका म्हणाले. "आईला खाली बसवत न्हाई."

"राहू द्या, राहू द्या."

"अन् चारेक पाव्हन्यारावळ्याला."

"राहू द्या."

टेम्पो रस्त्याला लागला तशी आरजूनं वही मिटली. "चौदा सापडल्या, नऊ आणल्या. पाच वाटल्या तुम्ही."

"वाटल्या न्हाई. राहू दिल्या."

"वकिलीणबाई विचारतील, अर्जाच्या तोंडावर मालमत्ता का वाटत सुटला? कोर्टाला वाटेल लपवताय."

"प्लॅस्टिकची खुर्ची कोन लपवतंय? अन् लपवायचीच आसंल तर तिच्यावर माझं नाव कशाला टाकू?"

असे शुक्रवार-शनिवार गेले. घराघरात तोच खेळ. बसायला यांचीच खुर्ची, वर चहा, मग लग्नातल्या आठवणी. कुणाच्या मांडवात नवरदेवाचा मामा कसा रुसला होता. कुठं लाईट गेली आणि अजीजभाईंनी टेम्पोचे दिवे लावून अक्षता कशा पाडल्या. अजीजभाई रंगून सांगत. आरजू कपात बघत बसे. कुणीही विचारलं, "आज कावून गिनती काढली?" की अजीजभाई म्हणत, "असंच. रंग द्यायचा हाय."

रविवारी दुपारपर्यंत बाहेरच्या तीनशे अठरा वहीत चढल्या. राहू दिलेल्याही त्यातच, आरजूनं सोडल्या नव्हत्या.

"आता फक्त कपिलधारच्या रस्त्यावरचं रामकिसन काकांचं घर," ती म्हणाली. "साठ गेल्या होत्या तिथं."

"तिथं न्हाई जायचं."

"का?"

"तुला ठाऊक हाय. मयताच्या घरून मी खुर्च्या मागत नसतो. त्यांच्या मनानं जवा येतील तवा येतील."

हा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता. लग्नाच्या घरी दुसऱ्या दिवशी टेम्पो उभा, मयताच्या घरी पाऊल नाही. रामकिसन काका जाऊन दोन महिने होत आले होते.

"मग?" आरजूनं विचारलं.

"मग काय? गिनती अधुरी राहिली. अधुरी गिनती घेऊन कसं जायचं? उद्याचं ऱ्हाऊ दे. जूनमधी बघू."

 आरजूनं वही धाडकन डॅशबोर्डवर टाकली. "तुम्ही ते घर मुद्दाम शेवटी ठेवलं!"

"न्हाई गं."

"ठेवलं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुम्हाला. मी सुट्टी टाकून उन्हातान्हात खुर्च्या मोजतेय, आणि तुम्हाला जायचंच नव्हतं!"

अजीजभाईंनी टेम्पो बाजूला घेतला. रुमालानं मान पुसली.

"पेपरात येतं ते नादारीचं," ते म्हणाले. "नावानिशी. बाईच फोनवर म्हनल्या ना, कोर्ट नोटीस देतं म्हनून. तीस वर्षं मी लोकायला फिकीर करू नका म्हनत आलो, बेटा. उद्या बाईंच्या टेबलाच्या त्या अंगाला बसून मी काय म्हनू?"

आरजूनं वही उचलून मांडीवर घेतली. ती म्हणाली, "घरी चला."

घरची वाट नेमकी रामकिसन काकांच्या दारावरून होती. अजीजभाईंनी वेग वाढवला. पण रामकिसन काकांची बायको सुंदरबाई पदर खोचून सरळ रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले.

"मारता का काय मला? कुठं पळता अजीजभाऊ?"

"न्हाई वैनी, जरा घाईत…"

"घाई? तीनदा निरोप धाडला, खुर्च्या न्या म्हनून! तीनदा!"

"मला वाटलं, तुमी रीत म्हनून बोलता. अशा घरून कसं मागावं…"

"मागू नका की, पर न्या तरी! या हिकडं."

अंगणात साठ खुर्च्या धुऊन, थप्प्या लावून, सुतळीनं बांधलेल्या होत्या.

"बघा. रस्त्यानं जानारं मानूस आजूनबी थांबतंय. दारात खुर्च्या दिसल्या की म्हनतंय, चला, बसून जावं. अन् आलं की रडतंय. त्येच्याबरोबर मलाबी रडावं लागतंय. दोन महिने! माझी खुरपनी पडली, पोरीला बघायला यायचे ते पाव्हने खुर्च्या बघून फुडल्या फुडं गेले. तुमी माझी लाज राखायला गेलात अजीजभाऊ, अन् हिथं माझा दुखवटाच उठंना!"

 आरजूनं हसू दाबायला मान फिरवली.

"दोन मोडल्यात," सुंदरबाई म्हणाली. "जळगावचे व्याही बसले होते, लई दांडगे. लिहून घे गं पोरी, साठातल्या दोन मोडक्या. लपवायचं काय त्येच्यात?"

आरजूनं लिहून घेतलं. खुर्च्या चढल्या तसं अंगण मोकळं झालं, आणि सुंदरबाई टेम्पो हलायच्या आतच झाडू घेऊन उतरली.

पुढच्या वळणावर अजीजभाईंनी पुन्हा टेम्पो थांबवला. "लाव फोन बाईंना."

"आता? रविवारी?"

"लाव म्हनलं ना."

आरजूनं लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, अजीज बोलतो, नेकनूरहून. उद्या अकराला येतो मी. पर गिनती पूरी झाली न्हाई. बाराशेतल्या आठशे पासष्ट सापडल्या, त्यातल्या दोन मोडक्या. बाकीच्या तीनशे पस्तीस कुठं हायत, मला ठाऊक न्हाई. असं चालल का?"

"चालेल की. असंच लिहू."

"ठाऊक न्हाई म्हनून? कोर्टात?"

"खरं असेल तर तेच लिहायचं, अजीजभाई. फक्त उद्या जरा बाहेर थांबावं लागेल हं. गर्दी आहे, आणि बसायला जागा कमी."

"त्याची फिकीर करू नका मॅडम!" अजीजभाईंची मान एकदम ताठ झाली. "टेम्पोत हायतच. येताना वीस-पंचवीस खुर्च्या टाकतो तुमच्या दारात."

"अब्बा!"

पलीकडून वकिलीणबाईंचं हसू ऐकू आलं. "एकसुद्धा आणायची नाही! यादीतली एकही खुर्ची आता कुणाच्या दारात जाणार नाही. कबूल?"

"कबूल," अजीजभाई म्हणाले, आणि त्यांनी टेम्पो सुरू केला. "बेटा, टेम्पो नेला तर खुर्च्याबी संगं येतील. बीडला सकाळची पहिली बस कितीला हाय?"