पुढून उघडणारे झगे

शिवणकाकूंच्या दुकानात ट्रायलशिवाय कपड्याची सुटका नव्हती. गिऱ्हाइकाला आरशासमोर फिरवून, वाकवून, हात वर करायला लावून मगच त्या कपडा हातात देत. स्वतःकडे बघायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही. पन्नाशी उलटली, तरी डॉक्टरचं तोंड पाहिलं ते सुनेच्या बाळंतपणात, आणि तोही सुनेचा डॉक्टर!

अशा काकूंना समोरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी बायकांच्या तपासणीसाठी झगे शिवायला दिले. पुढून उघडणारे, नाड्यांचे. दवाखान्यातला झगा मागून उघडतो, हे काकूंना पक्कं ठाऊक. सिस्टरची बोलण्यात गफलत झाली असणार, असं समजून त्यांनी मोठ्या मनाने ती सुधारली आणि सगळ्या नाड्या मागे लावल्या.

गठ्ठा उघडताच सिस्टरनी कपाळाला हात लावला.

"काकू, छातीची तपासणी आहे ही! मॅमोग्राफी! मशीनला काय पाठ दाखवायची?"

"मग तसं सांगायचं ना, बाई!"

"पुढून, पुढून म्हणून घसा बसला माझा. तुम्ही केलीय का कधी ही तपासणी?"

"मला काय धाड भरलीय?"

"धाड भरायच्या आधीच करतात ती."

काकूंनी कुरकुरत सगळे झगे उसवले, पुन्हा शिवले. पण ट्रायलशिवाय माल द्यायचा कसा? शेवटी एक झगा दवाखान्यातच स्वतः घालून बघायचं ठरवून त्या गठ्ठा घेऊन निघाल्या.

"आई, घालणारच आहात तर तपासूनही या," सून मागून म्हणाली.

मशीनने दाबलं, तेव्हा काकू ओरडल्या, "अगं, इस्त्री करतेस की काय!"

हसणं तिथेच थांबलं. एक बारीकशी गाठ दिसली. दुखत नव्हती, हातालाही लागत नव्हती. सुईने तुकडा काढून तपासला, तर कर्करोग. दुकानाचं शटर खाली आलं. बायकोने चहा दिला की साखर कमी म्हणणारे काका दोन दिवस बिनसाखरेचा चहा मुकाट्याने प्यायले.

"डॉक्टर, मी वाचेन ना?" काकूंनी विचारलं.

"गाठ लहान आहे आणि फार लवकर सापडलीय. आपण तिला वाढायलाच द्यायचं नाही."

ऑपरेशन झालं, किरणांचे उपचार झाले. काकू रडल्या, चिडल्या, पथ्यावरून काकांना फैलावर घेतलं. पण एकही फेरी चुकवली नाही. वर्षाने डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून मान वर केली. "सगळं स्वच्छ आहे."

काकू घरी आल्या त्या मोहीम आखूनच. "आमच्या घराण्यात कुणाला काही नाही," म्हणणाऱ्या थोरल्या जाऊबाई, "मला वेळच नाही," म्हणणाऱ्या विहीणबाई, शेजारची भाजीवाली, सगळ्यांना त्यांनी एका सकाळी पुढे घातलं आणि दवाखाना गाठला. एवढी फौज पाहून काउंटरवरची मुलगी गडबडली.

"यात पेशंट कोण?"

"कुणी नाही," काकू ठणकावून म्हणाल्या. "ठणठणीत आहोत, म्हणून तर आलोय!"